रत्नाचा जबाब

उत्रोलीत भात लावताना रत्नाच्या शेजारी उभं राहायला बायका टाळतात. ती एकदा वाकली की समोरच्या बांधालाच सरळ होते आणि जोडीदारीण निम्म्या खाचरात मागं राहते. पण हीच रत्ना एके काळी पुण्याच्या भरतीच्या मैदानावर सगळ्या पोरींना मागं टाकून पहिली आली होती, हे गावात कुणाला ठाऊक नाही. तिनंही ते कधी सांगितलं नाही.

तेव्हा ती वरवे बुद्रुकची गेनबाची पोर होती. भोरच्या कॉलेजात तिच्याच बाकावर उत्रोलीची सोनिया बसायची. केंद्रीय राखीव पोलीस दलाची भरती निघाल्याचं सोनियानंच शोधून काढलं, अर्जही तिनंच आणले. पहाटेच्या एसटीनं दोघी पुण्याला गेल्या. धावण्यात रत्ना पहिली आली, सोनिया कशीबशी पास झाली. पुढं दोघींनाही डॉक्टरी तपासणीचं बोलावणं आलं. गेनबानं रत्नाला सांगितलं, "वर्दी घालून परमुलखात हिंडणाऱ्या पोरीला करून कोण घेईल? गप घरात बस." सोनियाच्या बापानंही तेच सांगितलं होतं. पण तिची आई बाळाबाई डोक्यावर पदर घेऊन स्वतः एसटीत लेकीशेजारी जाऊन बसली आणि तिला तपासणीला घेऊन गेली.

सोनिया नोकरीवर गेली आणि बाळाबाईच्या घरातली कामाची पोर कमी झाली. पुढच्याच उन्हाळ्यात बाळाबाई आपल्या थोरल्या मुलासाठी, हनुमंतासाठी, मागणी घालायला वरव्याला आली. मुलगी लेकीच्या माहितीतली, कामाला वाघ. गेनबानं लगेच होकार दिला. अशी सोनिया गेली म्हणून रत्ना त्या घरात आली. सोनिया ज्या चुलीपुढं बसायची तिथं ती बसली, सोनियाच्या वाटणीचं पाणी तिनं भरलं, सोनियाच्या म्हशी तिनं राखल्या. बाकावरची मैत्रीण नात्यानं नणंद झाली. सासूपुढं तिला 'वन्सं' म्हणावं लागायचं, अहो-जाहो करावं लागायचं.

सोनिया रजेवर यायची तेव्हा गाव गोळा व्हायचं. बाळाबाई दारातच तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायची. रत्ना चुलीपुढून ऐकत बसायची. काश्मीर, छत्तीसगड, मणिपूर. नकाशात पाहिलेली नावं दुसरीच्या तोंडून आली की ती उगाचच चुलीत लाकूड सारायची. सोनियानं लग्न केलं नाही, तर त्यावरही बाळाबाई म्हणायची, "तिला काय गरज हाय?" रत्नाला मात्र एका पोरीवर पोरगा झाला नाही, यावर बाळाबाई पुष्कळ काही म्हणायची.

मागच्या दिवाळीनंतर सोनिया पेन्शन घेऊन कायमची घरी आली.

शेवटची काही वर्षं ती मध्य प्रदेशात होती. तिथंच तिनं स्वतःच्या रिव्हॉल्वरचा परवाना काढला होता. पुण्यातल्या एका कंपनीच्या मालकीणबाईंना अंगरक्षक म्हणून बाईच हवी होती, तीही स्वतःचं परवान्याचं हत्यार असलेली. सोनियाची नोकरी जवळजवळ ठरलीच होती. ही बातमी तिच्याआधी गावात पोचली, त्यामुळं ती आली त्या दिवशी ओट्यावर माणसं बसून होती.

"दाखव की पिस्तूल," कुणीतरी म्हणालं.

सोनियानं ट्रंकेतून चामड्याचं रिकामं म्यान काढून दाखवलं. "हत्यार तिकडंच ठेवून आले," ती म्हणाली. "परवान्यावर फकस्त मध्य प्रदेशाचा शिक्का हाय. हद्द ओलांडून हितं आणलं तर परवाना असूनबी गुन्हा होतो. तिथल्या परवानाधारक दुकानदाराकडं जमा करून आले. आता पुण्याला अर्ज करायचा, हितल्या पोलिसांनी चौकशी करायची, कलेक्टर कचेरीत नोंद व्हायची, मग जाऊन आणायचं."

माणसांचा हिरमोड झाला. रत्नाला मात्र त्या रिकाम्या म्यानाकडं पाहून इतकं बरं वाटलं, की तिनं चहात दोन चमचे साखर जास्त घातली.

पण ते बरं वाटणं टिकलं नाही. रत्नाची मुलगी शेफाली बारावीला होती. आत्या आल्यापासून ती आत्याच्या मागं मागं असायची. आत्यासारखे केस कापायचे म्हणायची, आत्यासारखी खाड्कन उठून बसायची. एके दुपारी रत्ना वावरातून आली तेव्हा शेफालीनं ते म्यान कमरेला बांधलं होतं आणि ती आरशापुढं उभी होती.

"काढ ते," रत्ना म्हणाली.

"रिकामंच हाय की गं आई."

"काढ म्हनलं ना."

अर्ज द्यायला सोनिया पुण्याला निघाली, तेव्हा तिनं रत्नालाच बरोबर घेतलं. "चल, तेवढाच तुला बदल," ती म्हणाली. कापूरहोळला गाडी बदलताना दोघी ढाब्यावर चहाला थांबल्या. तिकडच्या गोष्टी सांगताना सोनिया हसत होती.

"तिकडं लग्नाला लोक खांद्याला दुनाळी अडकवून येतात गं. जेवायच्या पंगतीत बंदूक मांडीवर. कुणाला काय वाटत न्हाई. आन् हितं कमरेला नुसता फुगवटा दिसला तर पोलीस पाटील विचारायला येतोय. कायदा एकच, पर माणसं निराळी आन् शिक्काबी निराळा."

"तुला काय, तू कुठंबी जमवून घेशील," रत्ना म्हणाली. सोनियाला ते कौतुक वाटलं.

कचेरीत खिडकीतल्या माणसानं सोनियाचे कागद पाहिले आणि तो उठून उभा राहिला. "मॅडम, आत या. बसा." त्यानं एकच खुर्ची पुढं केली. रत्ना पिशवी धरून भिंतीला टेकून राहिली. घर बदललं की महिन्याच्या आत कळवावं लागतं, तिकडच्या जिल्ह्याकडून नाहरकत मागवावी लागेल, भोर पोलीस घरी येऊन चौकशी करतील, घरच्यांचे आणि शेजाऱ्यांचे जबाब घेतील, असं तो समजावून सांगत होता. सोनिया मान हलवत होती. मग त्यानं रत्नाकडं बघून विचारलं, "या कोण? बरोबर कामाला असतात का?"

"माझी वैनी हाय," सोनिया ठणकावून म्हणाली. त्या माणसानं माफी मागितली. परतीच्या एसटीत सोनिया खिडकीला डोकं टेकून झोपली आणि रत्ना उत्रोली येईपर्यंत जागी होती. पायात स्लीपर, खांद्यावर उन्हानं विटलेला पदर. त्या माणसाची चूक काय होती?

जानेवारीत घरात भांडण झालं.

शेफालीनं जेवताना सांगून टाकलं, की बारावी झाली की पोलीस भरतीला उतरणार. हनुमंत टेम्पो चालवायचा, दिवसभर हायवेला शिव्या खाऊन यायचा आणि घरी आल्यावर त्या वाटून टाकायचा. त्यानं ताट सरकवलं. "हे कुणी शिकवलं तुला?"

"कशाला कुणी शिकवायला पायजे," रत्ना म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून कसा गेला ते तिलाही कळलं नाही. हनुमंत उठला आणि त्यानं तिच्यावर हात उगारला. लग्नापासून तो हे करत आला होता. रत्ना सवयीनं मान खाली घालून डोळे मिटून उभी राहिली.

हात खाली आलाच नाही. तिनं डोळे उघडले तेव्हा सोनियानं भावाचं मनगट धरून पाठीमागं पिरगाळलं होतं आणि त्याला तसाच चालवत ती ओट्यावर घेऊन गेली होती.

"दादा, परत ह्या घरात हात उचललास तर तो हात गळ्यात बांधून हिंडशील," ती म्हणाली. तिचा आवाज मोठा होता. शेजारची ठकुबाई दारात आली, समोरचा भिमा आला. हनुमंत मान खाली घालून टेम्पोत जाऊन बसला.

त्या वेळी रत्नाच्या मनात काय आलं, ते तिनं पुढं फार दिवस कुणाला सांगितलं नाही. सुटका झाली असं वाटायला हवं होतं. पण तिला दिसली ती शेफाली. दारात उभी राहून पोर आत्याकडं अशी बघत होती, की तसं तिनं आईकडं जन्मात कधी पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांत जे आपल्याला एकदाही जमलं नाही, ते हिनं हातातला घास खाली ठेवून केलं. आता घरात उरलेलं एकच माणूस, तेही हिचं झालं.

भोर ठाण्याचे हवालदार मुजफ्फर शेख मोटारसायकलवरून आले, तेव्हा सोनिया गावात नव्हती. ठकुबाई आणि भिमा यांनी सोनियाबद्दल चांगलंच सांगितलं. मग हवालदार ओट्यावर आले. रत्नानं चहा केला. बाळाबाई आत पडून होती, तिला हल्ली ऐकू कमी यायचं.

"वैनी, चार प्रश्न विचारतो. परवान्याच्या कामाचं हाय," ते म्हणाले. "सोनियाताईंचं वागणं कसं?"

"चांगलं."

"दारू, कसलं व्यसन?"

"न्हाई."

"स्वभाव?"

रत्ना थांबली. "रागीट," ती म्हणाली.

हवालदारांनी मान वर केली. "घरात वादावादी होती का?"

"झाली की. भावाच्या अंगावर धावून गेल्या. हात पिरगाळला त्यांचा. सगळ्या आळीनं पाहिलं."

हवालदारांनी पेन थांबवलं. "ताई हत्यार मागतायत, वैनी. नीट आठवून सांगा."

"आठवूनच सांगती."

त्यांनी लिहिलं, वाचून दाखवलं, रत्नानं सही केली. ते गेल्यावर तिनं कपबशा विसळल्या, अंगण झाडलं. जीव हलका झाल्यासारखा वाटत होता. रात्री तिनं सोनियाच्या भातावर तुपाची धार अंमळ जास्तच सोडली. "बास गं," सोनिया म्हणाली, "किती लाड करतीस." रत्ना हसली.

शिमगा झाला आणि अर्ज परत आला. घरातलं वातावरण तंट्याचं, अर्जदार बाई तापट, सबब नोंदीची शिफारस नाही, असा पोलिसांचा शेरा होता. पुण्याच्या मालकीणबाईंना थांबायला वेळ नव्हता, त्यांनी दुसरी बाई ठेवली. रिव्हॉल्वर तिकडं दुकानदाराच्या तिजोरीत पडून राहिलं. सोनिया भोरला ठाण्यात जाऊन आली आणि त्यानंतर चार-पाच दिवस तिनं स्वतःला कामाला जुंपून घेतलं. गोठा साफ केला, गोवऱ्या रचल्या, लाकडं फोडली. रत्नाला सरपणाचे ते घाव घरभर ऐकू यायचे.

मग दोघी नदीवर गोधड्या धुवायला गेल्या. उन्हाळ्याआधी हे काम असतंच. ओली गोधडी दोघींनी दोन टोकांना धरली आणि उलट्या बाजूंनी पिळायला लागल्या. आसपास कुणी नव्हतं.

"रत्ने," सोनिया म्हणाली, "जबाबात काय सांगितलंस ते कळलं मला."

रत्नाचे हात थांबले. "म्या खोटं सांगितलं न्हाई."

"न्हाई. शब्दन् शब्द खरा हाय. फकस्त कुणासाठी धावून गेले, तेवढं सांगायचं राहिलं तुझ्याकडनं."

गोधडीतून पाणी ठिबकत राहिलं. सोनिया भांडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर रत्नाला सोपं गेलं असतं. पण ती नुसती टोक धरून उभी होती.

"का गं?" सोनियानं विचारलं.

"हेवा," रत्ना म्हणाली. एकदा तो शब्द बाहेर पडल्यावर तिला बाकीचं अडवता आलं नाही. "तू गेलीस म्हणून म्या ह्या घरात आले. तुझी जागा रिकामी झाली, त्यात मला बशिवलं. तुझी आई तुझ्या बाजूनं उभी राहिली, माझ्या बाजूनं कुणीच न्हाई. इतकी वर्सं म्या मार खाल्ला आन् तू एका घडीत त्यो थांबवलास. मला त्याचाबी राग आला. माझी पोर तुझ्याकडं बघती तशी माझ्याकडं बघत न्हाई. आनखी काय सांगू?"

सोनियानं गोधडीला आणखी एक पीळ दिला. मग म्हणाली, "तिथं लई सुख हुतं असं न्हाई गं. एकेका चौकीवर महिने महिने..."

"ते नको सांगू," रत्नानं तिला तोडलं. "तुला तिथं दुख हुतं, म्हणून माझं कमी हुत न्हाई."

सोनियानं मान डोलावली. दोघींनी गोधडी दगडावर पसरली आणि दुसरी उचलली. संध्याकाळी गोधड्या घेऊन दोघी घरी आल्या. सोनियानं जबाब बदलायला सांगितलं नाही, माफीही मागायला लावली नाही. याचाही रत्नाला हेवा वाटला. हिला एवढं मोठं मन कुठून मिळालं? मला का नाही मिळालं?

जबाब बदलायला तिला लावलं ते हनुमंतानं.

शेऱ्याची आणि रत्नाच्या जबाबाची बातमी त्याला कळली होती. तो चौकात सांगत सुटला, की पोलिसांनीच लिहिलंय, बहीण भांडखोर आहे, मी गरीब गाय. घरी त्याची छाती पुन्हा पुढं आली. एका संध्याकाळी रत्ना भाकऱ्या थापत होती. तो चुलीजवळ येऊन उकिडवा बसला आणि कधी नव्हे त्या मऊ आवाजात म्हणाला, "बरं केलंस तू हवालदाराला सांगितलंस ते. शहाणी झालीस. घरातली गोष्ट कुठं कशी सांगायची, ते कळतं तुला."

नवऱ्यानं केलेलं हे तिचं पहिलं कौतुक. तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं उलथली नाही. आजवर त्यानं हात उगारला, तेव्हा निदान ती दुसऱ्या बाजूला होती. आता त्यानं तिला आपल्या बाजूला ओढून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाजाराचं निमित्त करून ती भोरला ठाण्यात गेली. मुजफ्फर शेख टेबलाशीच होते.

"माझा जबाब पुरता झाला न्हाई," ती म्हणाली. "बाकीचा घ्या."

त्यांनी तिला बसायला सांगितलं. "पुरवणी जबाब घेता येतो, वैनी. पर काय राहिलं हुतं?"

रत्नानं सांगितलं. ताट सरकवल्यापासून मनगट धरेपर्यंत सगळं. हवालदारांनी मध्ये पेन खाली ठेवलं. "हे लिहिलं तर तुमच्या मालकांचं नाव कागदावर येतं. तुमाला त्याच घरात राहायचंय. विचार करा."

"ल्ह्या," रत्ना म्हणाली. "आन् ह्यो पहिलाच डाव न्हवता, तेबी ल्ह्या."

त्यांनी वाचून दाखवलं. 'माझे पती हनुमंत यांनी माझ्यावर हात उगारला असता अर्जदार हिने मधे पडून त्यांस अटकाव केला. यापूर्वीही पतीने मला अनेकदा मारहाण केलेली आहे.' आपलंच आयुष्य अशा सरकारी भाषेत ऐकताना रत्नाला ते दुसऱ्या कुणा बाईचं वाटलं. त्या बाईची तिला कीव आली. तिनं खाली नीट, ठळक सही केली.

"तक्रार द्यायची का?" हवालदारांनी विचारलं.

"आज न्हाई," ती म्हणाली. "लागली तर येईन."

घरात याचा गाजावाजा व्हायचा तो झाला. ठाण्यात बोलावून हनुमंताला समज दिली गेली. तो घरी आला आणि रत्नाशी बोलेनासा झाला. अजून बोलत नाही. जेवण वाढलं की जेवतो, नाहीतर आईला हाक मारतो. बाळाबाईनं आठवडाभर कपाळ बडवून घेतलं. "नवऱ्याचं नाव पोलिसात घातलंस," ती म्हणायची. "लेकीसाठी तुमी एसटीत जाऊन बसला हुता ना," रत्ना एकदा तिच्या कानाशी जाऊन म्हणाली, "माझ्यासाठी कुणी बसलं न्हाई. म्या माझी गेले." म्हातारीला ते नीट ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. पण त्यानंतर ती त्यावर बोलली नाही. आणि हनुमंताचा हात त्या दिवसापासून वर गेला नाही, एवढं खरं.

सोनियानं पुन्हा अर्ज केला. पुण्याला सुनावणी झाली, फेरचौकशी झाली, तिकडच्या जिल्ह्याची नाहरकत आली. पावसाळा सरता सरता परवान्यावर पुणे जिल्ह्याची नोंद झाली. मग ती रस्त्यातल्या प्रवासाची परवानगी काढून मध्य प्रदेशात गेली आणि रिव्हॉल्वर घेऊन आली. ठाण्यात दाखवून, नोंद करून मगच घरी आणलं. माणसं पुन्हा ओट्यावर जमली, पण सोनियानं कुणालाही दाखवलं नाही. "दाखवायची वस्तू न्हाई ती," म्हणाली आणि कपाटाला कुलूप लावलं.

माणसं पांगल्यावर तिनं रत्नाला विचारलं, "तुला बघायचंय?"

रत्ना तांदूळ निवडत होती. तिला बघायचं होतं. फार बघायचं होतं. "नको," ती म्हणाली. "बघितलं की आनखी जळंल."

सोनियाला हसू आलं, मग रत्नालाही आलं. सोनिया सुपापलीकडं बसली आणि दोघींनी मिळून तांदूळ निवडले.

आता सोनिया पुण्यात एका संस्थेत बायकांना पहारेकरी म्हणून तयार करते. हुकलेल्या अंगरक्षकाच्या नोकरीइतकी ही चांगली नाही. कात्रजला तिनं खोली घेतली आहे, सुट्टीला उत्रोलीला येते. ती आली की शेफाली तिच्याभोवती असते आणि रत्नाला अजूनही पूर्वीसारखाच हेवा वाटतो. पुरवणी जबाब दिला की हे थांबेल असं तिला वाटलं होतं. थांबलं नाही. सोनियाच्या खोलीला स्वतःची किल्ली आहे, तिनं विकत घेतलेला पंखा आहे, दुपारी कुणी उठवायला येत नाही, हे सगळं रत्नाला अंथरुणावर पडल्या पडल्या आठवत राहतं.

पाणवठ्यावर बायका म्हणतात, "तुझी नणंद लई रागीट म्हणं. भावाचा हात पिरगाळला."

"व्हय," रत्ना म्हणते. मग हंडा खाली ठेवते आणि तो हात कुणावर उगारला होता, तेही सांगते.